दोन उसनी पोती आणि नवा मेंबर

मी तीस वर्षं मुंबईत नोकरी केली. त्या नोकरीत मी नेमकं काय करत होतो, हे माझ्या बायकोला अजून कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. गावात कुणी विचारलंच तर ती म्हणते, "कस्टमात नाय होते. कस्टमाच्या भायर बसत." यात चूक काढायला जागा नाही, म्हणून मी गप्प बसतो. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव लिहायला सांगितले, तेव्हाही तिनेच आधी विचारलं, "खंयचो धंदो?"

तर धंदा असा. फोर्टातल्या एका क्लिअरिंग एजन्सीत बसून मी परदेशी जाणाऱ्या मालाचे मूळ दाखले लिहीत असे. माणसाला जन्माचा दाखला लागतो तसा मालालाही लागतो. काही देश आपापसात करार करतात, की तुमच्या मालावर आम्ही जकात कमी घेऊ, आमच्या मालावर तुम्ही कमी घ्या. मग कराराबाहेरचा एखादा हुशार व्यापारी आपला माल आतल्या देशात आणतो, वर नवी चिठ्ठी चिकटवतो आणि सवलतीत पुढे सरकवतो. त्याला अडवायला हा दाखला. माल खरोखर ज्या देशाचा म्हणून सांगितलाय त्याच देशाचा आहे, हे त्यावर लिहिलेलं असतं. दाखला असेल तर सवलत, नसेल तर पूर्ण जकात.

मला या कामात थोडा लौकिक होता. गिऱ्हाईक समोर बसलं की मी विचारायचो, "माल कुठला?" उत्तर लिहून घ्यायचो, चहा मागवायचो, आणि चहा अर्धा झाला की तोच प्रश्न पुन्हा विचारायचो, आवाज खाली आणून. खरं उत्तर दुसऱ्या खेपेला यायचं. एक अगरबत्तीवाले गृहस्थ आठवतात. पहिल्या खेपेला सगळं स्वदेशी होतं. दुसऱ्या खेपेला बांबूच्या काड्या एका देशाच्या निघाल्या, कोळशाची पूड दुसऱ्या आणि डिंक तिसऱ्या. शेवटी ते वैतागून म्हणाले, "साहेब, वास तरी आपला आहे ना?" वासाला फॉर्ममध्ये रकाना नव्हता. दाखला मिळाला नाही, पण त्यानंतर कित्येक वर्षं ते दर दिवाळीला मला अगरबत्तीचा पुडा पाठवत राहिले. तो टोमणा होता की आपुलकी, हे मला कधी कळलं नाही. आम्ही त्या लावल्या.

निवृत्त झाल्यावर गावी आलो. आमचं गाव कसालपासून आत आहे. घराला नवी फरशी घातली, अंगणाच्या कोपऱ्यात गाडीसाठी पत्र्याची ऐसपैस शेड बांधली. गाडी काही घेतली गेली नाही. शेडमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि सोललेल्या नारळांची सोडणं असतात. पहिल्या वर्षी सगळे मला भेटायला आले, दुसऱ्या वर्षी मी सगळ्यांना भेटायला गेलो, आणि तिसऱ्या वर्षी मला लांबून बघितलं की लोकांना कामं आठवू लागली. आयुष्यभर ज्ञान जमवलेल्या माणसाची यापेक्षा वाईट अवस्था नसते.

अशात एके दिवशी पेपरात बातमी आली. आशियातल्या काही देशांचा एक जुना करार आहे, आपला देशही त्यात आहे. त्या करारात एक नवा देश मेंबर म्हणून दाखल झाला होता. त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढची फजिती सर्वस्वी माझी आहे आणि त्यात त्याला ओढण्याचं कारण नाही. टीव्हीवर तिथले घोडे बघितल्यापासून आमच्या घरात त्याला घोड्यांचा देश म्हणतात. मी बातमी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. त्या देशाला समुद्र नाही, हेही ज्ञान जाता जाता दिलं.

ती तांदूळ निवडायची थांबली. "समुद्र नाय? मगे ते जेवतत काय?"

पण मला त्या बातमीत माझा पुनर्जन्म दिसत होता. आमच्या भागात घरोघर काजू. नवा देश, सवलतीची जकात, आणि दाखला लिहिणारा जाणता माणूस पंचक्रोशीत एकच. मी कसालला बाजाराच्या दिवशी एक हॉल घेतला, फळ्यावर "नवा मेंबर आणि आपला काजू" असं लिहिलं आणि व्याख्यान ठोकलं. नऊ माणसं आली होती. त्यातली चार पंख्याखाली बसायला आली होती, हे त्यांनी स्वतःच सांगितलं.

मेंबर वाढणं म्हणजे काय, हे मी त्यांना आमच्या वाडीच्या भजनी मंडळावरून समजावलं. मंडळातल्या कुणाच्या घरी भजन असेल तर आमची मंडळी उसळ आणि चहावर गातात, बाहेरच्याकडून बिदागी घेतात. आता शेजारच्या वाडीतल्या एका पेटीवाल्याला मंडळात यायचंय. आत आला की त्याच्या घरी आपण उसळीवर गाणार, आपल्याकडे तो उसळीवर वाजवणार. पण तो येताना आपली एक यादी घेऊन येतो. अभंगाला उसळीवर येईन, गजराला बिदागी लागेल. प्रत्येक नव्या मेंबराची अशी यादी असते, आणि जे काय आहे ते त्या यादीत आहे. "यादी वाचल्याशिवाय नाचू नका," असं मी बोट वर करून सांगितलं. हे बोट लक्षात ठेवा.

शेवटी एकाने विचारलं, "भाऊ, ते घोडे काजू खातत काय?" सगळे हसले आणि उठले. फक्त एक बाई बसून राहिल्या. त्या प्रतिभा वहिनी.

आमच्या शेजारच्या गावात त्यांचा लहानसा काजू कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक पडवी वाढवून केलेला हॉल. बी उकडायचं भांडं, पायाने चालवायची कटिंगची चार मशिनं, एक ड्रायर, आणि अकरा बायका. आसपासच्या बागांतली बी घ्यायची, उकडून फोडायची, गर सुकवून त्यावरची लाल साल सोलायची आणि आकाराप्रमाणे निवडायचे, एवढं काम. पण आता बाहेर देशातून जहाजाने बी येते आणि ती स्वस्त पडते. बहुतेक कारखाने ती घेतात. वहिनी इथलीच बी घेत, त्यामुळे त्यांचा माल बाजारात महाग पडे आणि वर्षातले चारच महिने मशिनं चालत. हे वर्ष बघायचं आणि जमलं नाही तर मशिनं विकून टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं, दोन मैलांवरचा दिनू. त्याचा कारखाना मोठा.

"भाऊ," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या त्या घोड्यांच्या देशातलो एक माणूस माका गावलोहा."

त्यांच्या भावाचं देवबागला घरगुती लॉज आहे. तिथे त्या देशातलं एक जोडपं राहून गेलं होतं. नवरा सुक्या मेव्याचा व्यापारी. न्याहारीला ठेवलेले काजू खाऊन तो म्हणाला, हे कुठले? वहिनी त्या दिवशी तिथेच होत्या. त्यांनी त्याला गाडीत घालून आपल्या बागेत आणलं आणि झाड दाखवलं. परत गेल्यावर त्याने वीस खोकी मागवली. नमुन्याला एवढी. आवडली तर वर्षभर नेईन म्हणाला.

मी म्हटलं, "त्याला कळवा, करारातल्या सवलतीचा दाखला आम्ही देतो." त्याने असा काही दाखला मागितलाच नव्हता, हे माझ्या पुढे लक्षात आलं.

मग मी कारखान्यात जाऊ लागलो. शर्ट आत खोचून, बगलेत फाइल. बायकांनी मला बसायला खुर्ची दिली, कोकमाचं सरबत दिलं. बी कुठून घेतली, कोणत्या शेतकऱ्याची, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. इथल्या मातीत पिकलेल्या बीचा माल असेल तर दाखल्याला काही अडचण नसते. परदेशी बी वापरली की खेळ संपतो, कारण काजूत बी हीच मुख्य वस्तू, आपण फक्त फोडून सोलतो. हे मी अकरा बायकांना इतक्या वेळा सांगितलं, की मी दारात दिसलो की त्या माझ्याआधीच म्हणू लागल्या, "बी आमचीच!"

वीस खोक्यांना सहा पोती बी लागणार होती. हंगाम कधीच संपलेला, वहिनींकडे शिल्लक होती चार. त्या काळजीत पडल्या. मी सरबताचा पेला खाली ठेवला आणि म्हणालो, "त्यात काय एवढं? दिनूकडून दोन पोती उसनी घ्या."

हे वाक्य मी उच्चारलं. दुसऱ्या कुणी नाही.

आमच्याकडे उसनं घेणं हे श्वास घेण्याइतकं सहज आहे. तांदूळ संपले, शेजारून पायलीभर आणले, आपले आल्यावर परत केले. मधल्या काळात आपण जो भात जेवलो तो शेजाऱ्याचा होता असं कुणी म्हणत नाही. तो आपलाच, कारण आपण परत करणार आहोत. कारखानेही एकमेकांना बी अशीच देतात. ते कुठे लिहीत नाहीत आणि परत करायला कुणी विसरत नाही. तीस वर्षं मी लोकांच्या मालाची कुळी शोधली, पण "उसनं घ्या" म्हणताना माझ्यातला दाखलेवाला झोपला होता आणि आईच्या हातून वाटी घेऊन शेजारी पळणारा पोरगा तेवढा जागा होता. पोती आली. पुढच्या खेपेला मी विचारलं, "बी कुठली?" बायका म्हणाल्या, "आमचीच!" त्यांच्या दृष्टीने ते सोळा आणे खरं होतं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सरबत मात्र दुसऱ्यांदा घेतलं.

अर्ज हल्ली कॉम्प्युटरवर करतात. तो मी केला, कार्यालयातल्या तरुण अधिकारी बाईंनी दोन शंका विचारल्या, मी त्यांना फोनवर एक छोटंसं व्याख्यान दिलं आणि दाखला मंजूर झाला.

खंडेनवमीला कारखान्यात मशिनांची पूजा होती. झेंडूच्या माळा घातलेली चार मशिनं, एका बाजूला रचलेली वीस खोकी. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो येणार होता. वहिनींनी मला नारळ दिला. मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि दोनशे बोललो. मालाकडे न बघता निव्वळ कागदावरून त्याचं मूळ मी कसं ओळखतो, याचे किस्से सांगितले. अगरबत्तीवाल्याचाही सांगितला.

शेवंती काकी कोपऱ्यात बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीचं, सोलण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. मला त्यांनी लहानपणापासून बघितलंय, म्हणून एकेरीच बोलतात.

"गोपाळा," त्या म्हणाल्या, "ती दोन पोती खंयची होती, ता तुझ्या कागदान तुका सांगूक नाय?"

"कुठली दोन पोती, काकी?"

"दिनूकडची. तेची साल गराक चिकटान रवता. सोलताना माझी नखां गेली. आमच्या मातीतली बी अशी नसता. मी तेव्हाच सांगलंय, पण तू व्याख्यान देय होतंस."

मी दिनूला फोन लावला, सगळ्यांसमोर. तो मोकळ्या मनाने म्हणाला, "आफ्रिकेची, भाऊ. आता माझ्याकडे दुसरी बी आसा खंय?"

त्या दोन पोत्यांचे गर बाकीच्या चार पोत्यांच्या गरांत मिसळून वीसही खोक्यांत गेले होते. दाखल्यावर लिहिलं होतं, सगळा माल इथल्या मातीतला. खाली वहिनींची सही होती, शब्द माझे होते.

आता खरं सांगायचं तर सांगतो. मी पहिलं वाक्य जे बोललो ते असं, "कुणाला कळणारे?" अधिकारी काजू फोडून बघत नाहीत. फोडले तरी काजूवर देश कुठे छापलेला असतो? दोनच पोती तर आहेत. एकेक वाक्य तोंडातून बाहेर पडत होतं आणि मला ते ओळखीचं वाटत होतं. तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून गिऱ्हाइकं हेच म्हणायची आणि मी त्यांच्याकडे कीव केल्यासारखा बघायचो. आज मी त्यांच्या खुर्चीत होतो, आणि बोलणंही त्यांच्याइतकंच सफाईदार येत होतं. मला वहिनींच्या कारखान्याची काळजी होती हे खरं, पण स्वतः मिळवलेला दाखला स्वतः रद्द करायला जाण्याची लाज त्याहून मोठी होती.

वहिनी खोक्यांकडे बघत होत्या. "भाऊ, त्या माणसाक मी झाड दाखवलंय," त्या म्हणाल्या. "तेना झाडाक हात लावून बघल्यान. आता तेका दुसऱ्या झाडाची बी कशी धाडू?"

"मग ऑर्डर जाईल, वहिनी. कारखानाही."

"जावंदे," त्या म्हणाल्या, आणि जवळच्या मशिनावरची माळ सरळ करू लागल्या. मला स्वतःची एवढी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती.

दसरा उलटल्यावर एसटीने चार तास जाऊन मी त्या कार्यालयात उभा राहिलो. ज्यांना मी फोनवर व्याख्यान दिलं होतं त्याच बाई समोर होत्या. माझ्या मुलीच्या वयाच्या.

"दाखला रद्द का करायचाय?" त्यांनी विचारलं.

"मालात दोन पोती बाहेरची बी आली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

त्यांनी स्क्रीनवर कारणांची यादी उघडली. माल पाठवला नाही, तपशील चुकला, गिऱ्हाइकाने नाकारला. उसनं घेतलं, असं कारण त्यात नव्हतं. त्यांनी 'इतर' निवडलं. मग मला विचारलं, "तुम्ही हे काम किती वर्षं केलंत म्हणालात?" मी आकडा सांगितला. त्या मान खाली घालून टाइप करू लागल्या. त्यांचं हसू मला दिसू नये एवढी काळजी त्यांनी घेतली, हे त्यांचे उपकार.

परत आलो तर कारखान्याच्या दारात रांग. वहिनींनी त्या व्यापाऱ्याला सगळं खरं कळवलं होतं, आणि जी थोडी खोकी होतील ती पाठवू का, असं विचारलं होतं. तो हो म्हणाला होता. आमच्याकडे प्रत्येक घरात डब्यात थोडी काजूबी राखून ठेवलेली असते, मुंबईचं माणूस आलं की भाजायला. अकरा बायका तो डबा घेऊन आल्या होत्या आणि येताना शेजारणींनाही घेऊन आल्या होत्या. काकींनी नातवासाठी राखलेली बी तुपाच्या जुन्या डब्यातून आणली होती.

मी दारात टेबल टाकून वही उघडली. या वेळी प्रत्येकीला दोनदा विचारलं, आणि बीच्या मापापुढे झाड लिहून घेतलं. शेवंती काकी, परड्यातलं वाकडं झाड. दुसरी, विहिरीकडचं, बी बारीक. तिसरी, सासऱ्यांनी लावलेलं, अर्धं वाळलेलं. वही भरत गेली. माझी बायको रिकाम्या हाताने बघायला आली होती. ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आपण काय देवचा?"

"आपल्याकडे कुठेय बी?" मी म्हटलं आणि पुढचं नाव लिहिलं. ती पुढच्या बाईचा डबा ओतू लागली.

सहा खोकी झाली. वीसातली सहा. नवा दाखला केला, सहा खोकी गेली. वहिनींनी खोक्यांत माझ्या वहीतल्या झाडांच्या यादीची प्रत टाकली, भावाकडून इंग्रजी करून घेऊन. मिसळलेला सगळा माल कसालच्या बाजारात दिवाळीच्या गिऱ्हाइकांनी साधे काजू म्हणून नेला.

महिन्याभराने त्या व्यापाऱ्याची मेल आली. वहिनींनी फोनवर तिचं मराठी करून मला दाखवलं. मशीनचं मराठी असतं तसंच होतं. माल पोचला. चव चांगली. आमच्या जकातवाल्यांनी तुमचा दाखला परत दिला. काजू आमच्या सवलतीच्या यादीत नाही. मी पूर्ण जकात भरली.

मी ती मेल तीन वेळा वाचली. मग घरी जाऊन कॉम्प्युटरवर त्या नव्या मेंबराची सवलतींची यादी पहिल्यांदा उघडली. पानामागून पान वाचलं. बरंच काही होतं तिच्यात, काजू नव्हता. कसालच्या हॉलमध्ये मी बोट वर करून जी यादी वाचायला सांगितली होती, ती मी स्वतः वाचलीच नव्हती. मी फक्त बातमी वाचली होती. तो दाखला, ती फाइल, एसटीचे चार तास, मुळात कशाचीच गरज नव्हती. बायकोला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

मेलच्या शेवटी मात्र आणखी एक ओळ होती. दाखला नको, पण झाडांची यादी पुढच्या वर्षीही पाठवा, गिऱ्हाइकं ती वाचतात आणि मग काजू घेतात. आणि खोकी वीस नाही, साठ.

मशिनं विकायची राहिली. या वर्षी हंगाम सुरू होताच वहिनींनी दिनूची दोन पोती परत केली, नव्या बीची. आणि माझ्या वहीसाठी लोक येऊ लागले. माझं झाड घाल, माझ्या भावाचं घाल. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या करारात मेंबर येताना बघितले होते, आता दारातच करार वाढत होता. कुणाला घ्यायचं हे काकी ठरवत. बी हातात घ्यायची, झाड जाऊन बघायचं, मग मला म्हणायचं, "लिव."

मे महिन्यात दिनू आला. टेम्पोतून दोन पोती उतरवली. "माकाय घेवा यादीत. बी इथलीच आसा, बघा."

काकींनी मूठभर बी घेतली, आणि त्यांच्या तोंडावर ओळख पटल्याचं हसू आलं. "ही माझ्या वाकड्या झाडाची रे. आमीच तुका परत केलेली."

"परत केलास म्हणजे माझीच झाली मगे," दिनू म्हणाला. आमच्या रिवाजाने त्याचं काही चुकत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघू लागले. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने वही चाळल्यासारखं केलं.

"बी तुझी," काकी म्हणाल्या. "झाड खंय तुझा?"

दिनू खाली बघू लागला. "तोडलंय, काकी. सगळी तोडलंय. थंय शेड बांधलंय, भायरची बी ठेवक."

"मगे लाव. कलम लाव, तीन वर्सांनी बी येतली. तेव्हा ये."

एवढ्या मोठ्या कारखानदाराला असं उभं केलेलं बघून मला बरं वाटत होतं, हे कबूल करतो. मी वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने त्याचं नाव लिहिलं, पुढे "प्रतीक्षेत" असा शेरा मारला आणि वही मिटली.

"आणि रे गोपाळा," काकी म्हणाल्या, "तुझा झाड खंय?"

"माझं काय काकी, मी फक्त लिहून घेणारा."

त्यांनी हातातली बी पोत्यात टाकली, पदराला हात पुसला, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, आवाज खाली आणून.

तेव्हा मला सांगावं लागलं. आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात दोन काजूची झाडं होती, वडिलांनी लावलेली. मुंबईहून आल्यावर मी ती तोडली. गाडीच्या शेडसाठी.

काकींना हे माहीत होतं. सगळ्या गावालाच माहीत होतं. बायको माझ्याकडे बघत नव्हती.

जूनमध्ये मी शेडचे पत्रे उतरवले. खुर्च्या पडवीत आल्या आहेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येतात. दिनू रोपवाटिकेतून दोन कलमं घेऊन आला, एक त्याने त्याच्याकडे लावलं, एक माझ्याकडे. वहीच्या शेवटच्या पानावर त्याच्या नावाखाली माझं नाव आहे, तेही पेन्सिलीने. काकी सकाळी देवळात जाताना कुंपणापाशी थांबतात, माझ्या कलमाकडे बघतात आणि पुढे जातात. दिनूचं कलम माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. परवा मी त्याला विचारलं, खत कुठलं घालतोस? तो म्हणाला, "होया तर एक पोता उसना देतंय."

मी आधी विचारलं, कुठलं आहे. दोनदा.